उजव्या खोक्याचे वेढे

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून एका जुन्या वूफरच्या कडेचा भुगा चिमट्याने काढत होतो, तेवढ्यात मामीचा फोन आला. मामा जाऊन पाच महिने झाले. त्यानंतर तिने मला केलेला हा पहिलाच फोन. म्हणाली, ह्यांच्या स्पीकरची कड गळून पडलीये, हात लावला की काळी माती होते, तू बघशील का. मी हो म्हणालो. 

आईने विचारलं, काय बिघडलंय. तिला सांगितलं की मोठ्या स्पीकरच्या कागदी भोंग्याभोवती फोमची मऊ कड असते, तिच्यावर भोंगा पुढेमागे हलतो, आणि पंधरा-वीस वर्षांत ती आपोआप कुजते. वापरा नाहीतर झाकून ठेवा. आई म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्यासारखं," आणि भाजी चिरायला गेली.

ही वही मी एरवी कामाच्या नोंदींपुरती ठेवतो. या कामाचं मात्र सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे, कारण काम मामाचं आहे. स्पीकरचं जे काही मला येतं ते त्यानेच शिकवलं. तो दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी स्पीकरची खोकी बनवायचा. नववीत शाळा सुटली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मला काहीतरी ऐकवलं. मामाने फक्त सोल्डरिंगची गन हातात दिली. मी त्याच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांमधलं शुद्धलेखन दुरुस्त करायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

मग एकदा रेडिओवाल्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, मामा हसत म्हणाला की मास्तरचं काम आरशासारखं स्वच्छ, कान मात्र कुणाकडून तरी उसना आणावा लागेल. सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर चौदा महिने मी त्याच्याकडे गेलो नाही. तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा एकदा इस्पितळात गेलो. तो झोपला होता. वीस मिनिटं बसलो, उठवलं नाही, निघून आलो. तो जागा नव्हता याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी.

कारखान्यातून सुटल्यावर (आज पुठ्ठ्याची दोनशे चाळीस खोकी मोजली, दोन जास्त निघाली) मामीकडे गेलो. खोली तशीच आहे. समोरच्या भिंतीला दोन स्पीकर, त्यांच्या बरोबर मध्ये उंच दिवा, आणि पलीकडे मामीची लाकडी खुर्ची. खुर्चीत बसलं की डाव्या हाताला खिडकी, तिच्या अलीकडे कपाट. मामाने खुर्चीच्या पायांखाली फरशीवर रंगाचे चार ठिपके दिले होते, म्हणजे झाडताना हलली तरी परत जागेवर येईल. ते ठिपके अजून आहेत.

मामी माझ्यावर रागावलेली आहे. लिहायला जड जातंय, पण तसंच आहे. मी तिच्या उजव्या हाताला बाकावर बसलो आणि विचारलं की किती दिवसांपासून लावलेले नाहीत. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ती समोर बघत राहिली. उठून पुढ्यात गेलो तर तोंड उजवीकडे वळवून बसली, आणि तसंच, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "ह्यांच्यानंतर एकदाच लावले." इतकंच. चहा दिला, साखर बरोबर लक्षात ठेवून. माणूस रागावलं तरी साखर विसरत नाही.

दोन्ही खोकी रिक्षात घालून आणली. रिक्षावाल्याने विचारलं, आत काय, लोखंड? मी म्हणालो, लाकूड आणि चुंबक. त्याला ते पटलं नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी.

सुट्टी. दिवसभर काम. जुना फोम नखाने आणि स्पिरिटने काढला. नवी कड चिकटवताना भोंगा अगदी मध्यावर असावा लागतो, नाहीतर आतली कॉइल चुंबकाला घासते आणि आवाजात खरखर येते. त्यासाठी कॉइलभोवती कागदाच्या चार पट्ट्या खोचल्या. गोंद लावला. चोवीस तास हात लावायचा नाही.

खरी गोष्ट दुपारी घडली. हात रिकामे होते म्हणून दोन्ही खोक्यांची मागची फळी उघडली. जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणारी छोटी पाटी आत असते. जोडीच्या दोन खोक्यांत ती तंतोतंत सारखी असायला हवी. मामाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. पण इथे दोन्ही वेगळ्या आहेत. डावीकडे ट्वीटरच्या वाटेवर आवाज थोडा दाबणारा रेझिस्टर आहे. उजवीकडे त्या जागी नुसती तार. पाटीवर तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असते; डाव्या कॉइलवर मामाच्या अक्षरातली चिठ्ठी: १८४ वेढे. उजव्या कॉइलच्या चिठ्ठीवर १८४ खोडून १७०, ते खोडून १६२, ते खोडून १५१, आणि तेही खोडून आणखी एक आकडा, गोंदाखाली गेलेला. तो वाचता आला नाही. वेढे एकेक करून उलगडल्यासारखे, शेवटचं टोक लोंबतंय.

म्हणजे मामा मोजताना चुकला. एकदा नाही, चारदा. आणि रेझिस्टर घालायचा राहून गेला.

मला आनंद झाला. इथे खोटं लिहिणार नाही. मी खिडकी उघडून थोडा वेळ उभा राहिलो. मग आनंद झाल्याची लाज वाटली. मग परत आनंद झाला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.

तार आणायला रेडिओवाल्याकडे गेलो. त्याला सांगितलं की उजवं खोकं चुकलेलं होतं, मी डाव्यासारखं करतोय. तो डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला, "मास्तर, तुझा मामा लिफ्टच्या दोरांचे पीळ मोजून पगार घ्यायचा. तो वेढे विसरणाऱ्यातला नव्हता." मी म्हणालो, माणूस थकतो. तो म्हणाला, ते खोकं त्याने माझ्यादेखत तीनदा उघडलं, घरी किती वेळा ते त्यालाच ठाऊक. मी म्हणालो, तेच तर, चूक सापडत नव्हती म्हणूनच. यावर त्याने तार तोलून दिली. मित्राची चूक कुणाला ऐकवत नाही, हे मी समजू शकतो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.

उजव्या खोक्याची नवी कॉइल गुंडाळली. १८४ वेढे, दोनदा मोजून. रेझिस्टर बसवला. जुनी कॉइल उलगडून टाकली. चिठ्ठी स्पिरिटने निघाली. वहीत नोंद अशी: डावी १८४. उजवी चुकीची, बदलली. किती वेढे होते ते मोजलं नाही. चुकीचा आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

जुनी तार, गंजलेले स्क्रू आणि एक फुटका ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला एकगठ्ठा दिले. टेबल स्वच्छ झालं.

रविवार, १८ फेब्रुवारी.

खोकी मामीकडे पोचवली. भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून ठेवली. मामाचं आवडतं गाणं लावलं, एकच गायक, मागे फक्त एक वाद्य. मी मामीच्या खुर्चीत बसून ऐकलं. आवाज अगदी दिव्याच्या जागी उभा. जणू माणूस तिथे आहे आणि दिवा त्याच्या हातात आहे. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे.

मग मामीला बसवलं. ती ऐकत होती. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिने मान थोडी वळवून खिडकीकडे बघितलं. बाहेर काही नव्हतं. गाणं संपल्यावर म्हणाली, "छान केलंस. अगदी नव्यासारखं." मी तिला सांगितलं की मामाकडून एका बाजूला थोडं चुकलं होतं, तेही मी सरळ केलंय. तिने विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी म्हणालो, उजव्या. ती म्हणाली, "असं का," आणि कप उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मामाच्या चुकीबद्दल बोलायला नको होतं. जाऊन सहा महिनेही झालेले नाहीत.

रविवार, २५ फेब्रुवारी.

मामीकडे सहज म्हणून गेलो. स्पीकरवर चादर घातलेली. विचारलं तर म्हणाली, धूळ फार येते. धूळ नव्हती. मी बोट फिरवून बघितलं.

काहीतरी खरखरतंय का? कड एक मिलिमीटर सरकली असेल? घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. आई म्हणते, तिला ऐकावंसं वाटत नसेल, नवरा गेलाय तिचा, तुझा गोंद नाही. आईचं बरोबर असेल. तरी पुढच्या रविवारी जाऊन तपासणार.

रविवार, ३ मार्च.

हे सावकाश लिहितो, म्हणजे काही गळणार नाही.

फोनवरून एक साधा सूर वाजवता येतो, हळूहळू खालून वर जाणारा. कॉइल घासत असेल तर तो सूर कुठेतरी फाटतो. डाव्या खोक्यावर लावला, साफ. मामी आपल्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती. मग उजव्या खोक्यावर लावला. सूर वर जायला लागला, तसं मामीने सोलणं थांबवून मान उजवीकडे वळवली, म्हणजे तिचा डावा कान खोक्याकडे आला. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "झालं?"

मी म्हणालो, नाही, चालू आहे. ती म्हणाली, "चेष्टा करतोस का माझी?" सूर अजून वाजत होता. मला तो कानाला टोचत होता. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग हातातल्या शेंगेकडे.

मी फोन बंद केला. तेही तिला कळलं नाही.

मग ती बोलली. उजवा कान बारा वर्षांपासून जातोय. आधी बारीक आवाज गेले, मग बोलणं; अगदी बारीक सूर आता डाव्यालाही पोचत नाहीत. औषधांच्या घाऊक दुकानात ती फोनवर मागण्या लिहून घेते, फोन डाव्या कानाला, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. घरातही कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही. "एकदा कळलं ना, की माणसं आधी ओरडून बोलतात," ती म्हणाली, "आणि मग बोलायचीच कमी होतात."

मामाला सांगावं लागलं नव्हतं. ती गाणं ऐकताना खिडकीकडे बघते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने ठिपके देऊन खुर्ची पक्की केली. मग दर रविवारी तिला बसवायचा, एकच गाणं लावायचा आणि विचारायचा, "कुठे उभा आहे तो?" ती म्हणायची, खिडकीपाशी. तो उजवं खोकं उघडायचा, काहीतरी करायचा, बंद करायचा. "आता?" खिडकी आणि कपाटाच्या मध्ये. पुढच्या रविवारी पुन्हा. असे अकरा रविवार. वेढे कमी केले आणि रेझिस्टर काढला, की तेवढा त्या बाजूचा आवाज वाढतो. अकराव्या रविवारी गायक दिव्यापाशी येऊन उभा राहिला. मामाने त्या दिवशी पेढे आणावेत तसं काही केलं नाही. खोक्याचे स्क्रू आवळले आणि पुढचं काम हाती घेतलं.

मी विचारलं, मग गेल्या वेळी का नाही बोललीस. ती म्हणाली, "तू इतका खूश होतास."

आणि मी सगळे दिवस समजत होतो की ती माझ्यावर रागावली आहे. रिक्षात, कारखान्यात, इथे या वहीत. ती ऐकू येत नाही म्हणून गप्प होती, आणि ऐकायचं असेल तेव्हा तोंड वळवत होती. तिने एकदाही मला मामाबद्दल, त्या चौदा महिन्यांबद्दल काही विचारलेलं नाही. आज मीच काढायला लागलो, तर म्हणाली, "शेंगा सोल."

सोमवार, ४ मार्च.

अर्धा दिवस रजा टाकून भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तांबं शनिवारीच पुढे पाठवलेलं. मी विचारलं, कुठे. तो म्हणाला, आता ते कुणाच्या तरी पंख्यात असेल. माझा चेहरा बघून त्याने मला बसायला स्टूल दिलं.

१८४, १७०, १६२, १५१. हे चार खोडलेले आकडे वहीत आहेत. पाचवा नाही. मी पुठ्ठ्याची खोकी मोजतो, दोन जास्त निघाली तर लिहितो. ती कॉइल उलगडताना एकेक वेढा माझ्या बोटांवरून गेला होता. मोजायला फक्त ओठ हलवायचे होते.

रविवार, १० मार्च.

रेझिस्टर काढून टाकला. १५० वेढ्यांची कॉइल गुंडाळून नेली. मामीला बसवलं. कुठे उभा आहे? कपाटापाशी, म्हणाली. म्हणजे सरकला. पाच वेढे काढले. आता? तिथेच. आणखी पाच. ती म्हणाली, आता दोघं झाले, एक इथे, एक तिथे, आणि हसली. मामाच्या वेळी असं झालं होतं का? नाही, म्हणाली, पण तेव्हा कानही दोन वर्षं तरुण होता.

याचा मी विचार केला नव्हता. आकडा सापडला असता तरी तो आजच्या कानाचा नसता.

रविवार, १७ मार्च.

कॉइल नंबर तीन. सकाळी दहापासून दीडपर्यंत. मामी कंटाळली तरी बसून राहिली. मी विचारायचो आणि ती डोळे मिटून सांगायची. एकदा मी वेढे काढलेच नाहीत, नुसते स्क्रू काढून लावले आणि विचारलं. ती म्हणाली, थोडा मध्ये आला.  तिला आता खरंच कळतंय की ती माझ्यासाठी सांगतेय?

माझ्या मशीनवर दोन्ही बाजूंचा आवाज मोजता येतो. तिच्या आत काय वाजतं ते मोजायचं कशाने? मामाने कशाने मोजलं? त्याच्याकडे तर माझ्याएवढी यंत्रंही नव्हती. तो विचारायचा आणि तिच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा. मी विचारतो आणि तिची परीक्षा घेतो.

रविवार, २४ मार्च.

कॉइल नंबर चार. १३८ वेढ्यांवर मामी म्हणाली, "आला. दिव्यापाशी आला."

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच. गाणं संपेपर्यंत ती डोळे मिटून बसली होती, पाय ताल धरत होता. मी फळी बंद केली, स्क्रू आवळले. चिठ्ठीवर १३८ लिहिलं, तारीख घातली. रिक्षा न करता चालत घरी आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, आता तरी नीट जेव.

रविवार, ३१ मार्च.

माझी सोल्डरिंगची गन तिथेच राहिली होती, ती आणायला दुपारी गेलो. जिन्यातच गाणं ऐकू आलं. चादर काढून ती स्वतःहून ऐकतेय, म्हणून मी पायरीवर थांबलो. दार अर्धं उघडं होतं.

खुर्ची ठिपक्यांवर नव्हती. मामीने ती उजव्या खोक्याजवळ ओढून घेतली होती आणि पाठमोरी फिरवली होती. दिवा, डावं खोकं, सगळं मागे. ती उजव्या हाताच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, डावा कान उजव्या खोक्याला जवळजवळ टेकवून. एका कानाने, एका खोक्यातून ऐकत होती. गायक कुठे उभा आहे, हा प्रश्नच तिने सोडून दिला होता.

मी चार पायऱ्या खाली उतरलो. मग पाय वाजवत पुन्हा वर आलो आणि कडी वाजवली, मोठ्याने, दोनदा. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं तेव्हा खुर्ची ठिपक्यांवर होती. तीन पाय तरी.

मी विचारलं, कसं वाजतंय. "मस्त," ती म्हणाली. "दिव्यापाशीच आहे ना?" "हो रे, कुठे जाणार तो?" बोलताना तिने तोंड वळवून कान माझ्याकडे केला. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. बारा वर्षांत मामाशिवाय कुणी इतकं साधं केलं नसेल, आणि मला सुचायलाही दोन महिने लागले.

निघताना तिने पाकीट दिलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, काम झालंय ना, मग? मला म्हणता आलं असतं की झालेलं नाही. पण मला काम झालंसं वाटावं म्हणून ती तीन रविवार तिथे बसली होती, डोळे मिटून, माझ्यासाठी. मी पाकीट घेतलं.

हिशेब पुरा करून वही मिटतो.

खर्च: फोमच्या कडा दोन, ६२०. गोंद १८०. स्पिरिट ६०. तार, पहिली, ३१०. तार, नंतर तीनदा, ९३०. रेझिस्टर दोन, २०, त्यातला एक बसवून काढला. एकूण २,१२०.

जमा: मामीकडून २,५००.

देणे: रेडिओवाल्याचे, नंतरच्या तारेचे, ९३०. पहिल्या तारखेला देईन. मामीचे ३८०. संध्याकाळी परत करायला गेलो तर दारातच म्हणाली की ती मजुरी आहे. मजुरी जमेत लिहितात. मी देण्यात लिहिली आहे.